एरंडेलाची खरवड: इंजिन कूलंटमध्ये शिजवावं की तसंच राहू द्यावं?

आळशी_वैमानिक
मामांच्या ट्रंकेतून मॉडेल विमानांची दोन इंजिनं निघाली. एक ओएस मॅक्स २५, म्हणजे साधारण ४ सीसीचं, मिथेनॉलवर चालणारं ग्लो इंजिन. दुसरं दीड सीसीचं मॉडेल डिझेल. मामा एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना कंट्रोललाइन (हातातल्या तारांवर गोल फिरणारी) मॉडेल विमानं उडवायचे, तेव्हापासूनची ही जोडी. ओएसच्या फिन्समध्ये (सिलिंडरवरच्या थंड करणाऱ्या पात्यांत) इंधनातल्या एरंडेल तेलाची काळी खरवड, एक्झॉस्टपाशी काकवीचा रंग आणि पंखा जागचा हलेना.

पेट्रोल, रॉकेल, भांड्यांचा साबण सगळं करून पाहिलं, काही होईना. शेवटी गाडीचा कूलंट आणला. कार्ब्युरेटर, ओ-रिंग, प्लग, कागदी गॅस्केट काढून ठेवलं. बाकीचं इंजिन जुन्या स्टीलच्या पातेल्यात बुडवलं, गॅलरीत हॉटप्लेटवर ठेवलं आणि उकळी फुटू न देता रात्रभर गरम ठेवलं. सकाळी टूथब्रश फिरवला तर खरवड सायीसारखी निघाली. लगेच गरम पाण्याने धुऊन, वाळवून बेअरिंगमध्ये तेल सोडलं.

माझं मत: जुनं इंजिन हाती आलं की आधी शिजवा, मग बोला. आता डिझेलचा नंबर. कोणाचा विरोध?

जुना_स्पिनर
माझा. आणि चांगला कडक विरोध.

तपकिरी झालेलं इंजिन म्हणजे चाललेलं इंजिन. बाहेरचं फिन्समधलं काढा, उष्णता बाहेर पडायला अडथळा होतो हे मान्य. पण चालू इंजिन उगाच उघडून आतून चकाचक करणं म्हणजे दुखणं विकत घेणं. माझ्याकडच्या एका जुन्या इंजिनचं कॉम्प्रेशन बरं होतं. हौसेने सगळं खरवडून काढलं, तर पंखा हाताने फिरवताना वरच्या टोकाला जो दाब लागायचा तोच गेला. झिजलेल्या लायनरमधली (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीतली) फट त्या थराने भरली होती. थर गेला, इंजिन गेलं.

खटपट्या
काका, फट मुळात होतीच ना? थराने ती झाकली होती एवढंच.

जुना_स्पिनर
झाकलेली होती तोवर उडत होतं, राव.

रसायनवाली
दोघांच्या मध्ये पडते. एरंडेलातल्या मेदाम्लांपैकी सुमारे ९० टक्के रिसिनोलेइक आम्ल असतं. ते खूप तापलं की त्यातून पाणी निघून जातं आणि उरलेले रेणू एकमेकांना धरून बसतात. रंगाच्या कारखान्यात आम्लाच्या साहाय्याने मुद्दाम हेच करून एरंडेलाचं सुकणारं तेल बनवतात. म्हणजे तुमच्या फिन्सवर बसलंय ते आता तेल नाही, वार्निश आहे.

पेट्रोल-रॉकेल का हरलं? कारण एरंडेल ताजं असतानाही त्यात नीट मिसळत नाही. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांत एरंडेल वापरायचे त्याचं एक कारण हेच, क्रॅंककेसमधून जाणारं पेट्रोल ते धुऊन नेत नसे. मॉडेल डिझेलच्या इंधनातला ईथरसुद्धा पेट घेण्यासोबत रॉकेल आणि एरंडेलाचं जमवून देतो. ताजं एरंडेल मिथेनॉलमध्ये लगेच विरघळतं, म्हणून दिवसाचं उड्डाण संपलं की तिथल्या तिथे पुसून घ्या. करपल्यावर मिथेनॉलही हात टेकतं.

आता धागाकर्त्याचे कान धरते. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि मूत्रपिंडाचं वाटोळं करणारं. कुत्र्या-मांजरांना थोडंसं चाटलेलंही पुरतं. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका, त्यावर खिळ्याने ‘विष’ कोरा. वाफ घरात नको. उरलेलं द्रव अंगणात ओतायचं नाही.

आळशी_वैमानिक
ताई, पातेलं आईचं होतं. आता माझं आहे. आईला कारण सांगितलं, उरलेला दिवस कठीण गेला.

खटपट्या
एवढा कुटाणा कशाला? मी ओव्हन क्लीनर मारला होता. दहा मिनिटांत काम.

रसायनवाली
आणि इंजिन कसं दिसतं?

खटपट्या
काळं. आणि खडबडीत.

रसायनवाली
त्या क्लीनरमध्ये बहुधा कॉस्टिक सोडा होता. तो ॲल्युमिनियम खातो, बुडबुडे दिसले असतील तो हायड्रोजन. डबा वाचायचा हो आधी.

मीटरवाला
मूळ रोगावर कोणी बोलतच नाही. एरंडेल सोडा, पूर्ण सिंथेटिक तेलाचं इंधन भरा. माझं इंजिन किती वर्षं झाली तरी चांदीसारखं आहे.

जुना_स्पिनर
हे ऐकायचीच वाट पाहत होतो. नीडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारी सुई) जरा जास्त आवळली गेली, मिश्रण लीन झालं म्हणजे इंधन कमी पडलं, इंजिन तापलं, की बरीच सिंथेटिक तेलं जळून जातात. एरंडेल तेव्हाही धातूला चिकटून राहतं. करपतं ते यासाठीच! तुम्हाला चांदी हवी की पिस्टन?

मीटरवाला
मला नीडल लावता येते, काका. म्हणून दोन्ही आहेत. हवं तर थोडं एरंडेल मिसळा, बरेच जण तसंच करतात. पण नवशिक्याच्या चुकीसाठी सगळ्यांनी खरवड काढत बसायचं हे नाही पटत.

जुना_स्पिनर
नवशिके सगळेच असतात, फक्त काहींना कबूल नसतं. असो. पोरा, डिझेल शिजवणार असशील तर कॉन्ट्रापिस्टनला (कॉम्प्रेशन कमी-जास्त करणाऱ्या वरच्या पिस्टनला) हात लावू नकोस. आणि अडकलेला पंखा जोर लावून फिरवू नको, कनेक्टिंग रॉड वाकतो. केस वाळवायच्या यंत्राने सिलिंडर गरम कर, मग हळूहळू मागे-पुढे. सुटलं तर शिजवायची गरजच नाही.

आळशी_वैमानिक
केलं तसंच, डिझेल सुटलं. कॉम्प्रेशनही दणकट लागतंय, त्यामुळे ते तपकिरीच राहू देतो. काका, एवढ्यापुरते तुम्ही जिंकलात. ओएसबद्दल मात्र मी मागे हटत नाही.

मामांना फोटो पाठवला. चकाकीबद्दल एक शब्द नाही. विचारलं, “नीडल काढण्याआधी किती फेरे उघडी होती ते मोजलंस ना?”

नाही मोजलं.

जुना_स्पिनर
अडीच फेऱ्यांपासून सुरू कर. आणि पंख्यासमोर उभा राहू नकोस.