पन्नाशीनंतर बदलायचे ते कोणाच्या सोयीसाठी?

धागालेखक, हर्णै
आपल्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने नवे काही शिकायला घेतले की घरचेच आधी हसतात, आणि तो शिकत नसला की तेच त्याला जुनाट ठरवतात. माझे मत असे की उतारवयात माणूस बदल नाकारतो तो बुद्धी थकल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा आड येतो तो मान. ज्याने देवळात उभे राहून साऱ्या वाडीच्या वतीने गाऱ्हाणे घालायचे, त्याला नातवासमोर बसून मोबाइलवर वीजबिल कसे भरतात हे विचारणे कमीपणाचे वाटते, आणि मग ‘मला त्याची गरज नाही’ असे म्हणून तो मोकळा होतो. आपल्याच दापोली तालुक्यातील मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांच्याकडे पाहावे. १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकले, तेव्हा ते पस्तिशीच्या आतले होते. परंतु महिला विद्यापीठ त्यांनी १९१६ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी स्थापन केले आणि जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला तो १९४४ मध्ये, म्हणजे पंच्याऐंशी ओलांडल्यावर. शिवाय येल विद्यापीठातील बेका लेवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या पन्नाशीपुढील ६६० व्यक्तींपैकी, स्वतःच्या वार्धक्याकडे आशेने पाहणारे लोक इतरांपेक्षा सुमारे साडेसात वर्षे अधिक जगल्याचे आढळले होते. दृष्टी तरुण ठेवण्याचा लाभ इतका उघड असताना आपण ती का ठेवत नाही?

आंबा बागायतदार, देवगड
धागालेखकांशी मी सहमत नाही. मान हे कारण काही घरांत असेलही, परंतु ज्याला आपण हट्ट म्हणतो तो पुष्कळदा चोख हिशेब असतो. हापूसची जुनी, उंच वाढलेली कलमे छाटून त्यांचे पुनरुज्जीवन करावे, ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस योग्यच आहे, कारण दाट पालव्यात ऊन शिरत नाही, फवारणी शेंड्यापर्यंत पोहोचत नाही आणि उत्पन्न घटत जाते. पण अशी छाटणी केल्यावर दोन-तीन वर्षे त्या झाडाकडून आंब्याची अपेक्षा ठेवता येत नाही, कापलेल्या भागांना बुरशीनाशक बोर्डो पेस्ट लावावी लागते, खोडकिड्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते, आणि एवढे करूनही एखादे कलम मरते ते मरतेच. तिशीतल्या मुलासाठी ही दोन-तीन वर्षांची वाट आहे. सत्तरीतल्या, अन्य उत्पन्न नसलेल्या बापासाठी तो उरलेल्या आयुष्याचा मोठा हिस्सा आहे. तो नको म्हणतो तेव्हा त्याची दृष्टी म्हातारी झाली असे म्हणणाऱ्याने ती वर्षे त्याचा घरखर्च कोण चालवणार हेही सांगावे. बाग करारावर घेणारे काही जण आपल्या मुदतीत भरघोस पीक निघावे म्हणून पॅक्लोब्युट्राझोल हे मोहोर आणणारे संजीवक शिफारशीपेक्षा अधिक घालतात आणि त्याचे परिणाम झाडाला पुढे भोगावे लागतात, म्हणून बाग करारावर द्यायला नकार देणारे म्हातारेही मी पाहिले आहेत. त्यांनाही मुले मागासलेलेच म्हणत होती. सामाईक सातबाऱ्यावरची जमीन विकायला सही न देणाऱ्या काकाचीही गत तीच. आपल्याकडे बदलाचा आग्रह धरणाऱ्याच्या खिशात पुष्कळदा खरेदीखताचा मसुदा असतो, एवढे कटू बोलल्याबद्दल क्षमा असावी.

वाचक, गुहागर
लेवी यांच्या अभ्यासाविषयी थोडे. मुळात धडधाकट माणसेच आशावादी असणार, ही शंका तिथे लागू पडत नाही, कारण वय, आर्थिक स्थिती, एकाकीपणा आणि हिंडण्याफिरण्याची क्षमता यांचा हिशेब धरूनही तो फरक उरला होता. परंतु त्यात लोकांना विचारले होते ते स्वतःच्या म्हातारपणाबद्दल काय वाटते हे; नव्या गोष्टी किती स्वीकारता, हे नव्हे. वार्धक्याशी समाधानाने जुळवून घेतलेला माणूस जुन्याच रीतीने जगत असू शकतो. धागालेखकांनी या दोन गोष्टी एकत्र केल्या आहेत.

निवृत्त शिक्षिका, चिपळूण
वरील तिन्ही प्रतिसाद केवळ पुरुषांना नजरेसमोर ठेवून लिहिलेले दिसतात. कोकणातल्या बाईला बदल स्वीकारावा की नाही हे विचारले कोणी? लग्न झाले की आडनाव, गाव आणि आमटीची चवसुद्धा बदलते, आणि नवरा मुंबईला चाकरमानी असेल तर भातशेती, गुरे, सासू-सासरे हे सारे तिच्याच माथी येते. अशी बाई पन्नाशीत पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने काही बदलू पाहते, तेव्हा ‘आता या वयात कशाला’ हे तिला ऐकवणाऱ्यांत माझ्या ओळखीचे स्वतःला पुरोगामी समजणारे अनेक जण होते.

मंडणगड तालुक्यातील वेळासचे उदाहरण मला अधिक उपयोगाचे वाटते. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी पूर्वी सर्रास नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तिथे संरक्षणाचे काम सुरू केले, पुढे कासव महोत्सव भरू लागला, आणि ग्रामस्थांनी पाहुण्यांना आपापल्या घरी उतरवून घ्यायला सुरुवात केली. बदलणाऱ्यांत प्रौढ, संसारी माणसे होती. त्यांना कोणी तरुण व्हा म्हणून व्याख्यान दिले नव्हते. किनाऱ्यावर अंडी राखली तर घरी चार पैसे येतात, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडत गेले. स्वयंपाकाचा भार अर्थातच पुन्हा बायकांवर आला, पण या वेळी त्याचे पैसे मिळू लागले.

धागालेखक, हर्णै
ताई, वेळासचे उदाहरण मला मान्य आहे. देवगडच्या भाऊंचा धोक्याचा मुद्दाही मी सोडून देत नाही. तथापि मोबाइलवर वीजबिल भरायला शिकण्यात कोणता हंगाम बुडतो? धोका शून्य असतानाही जो नकार येतो, त्याचे उत्तर हिशेबात सापडत नाही, आणि माझा मूळ प्रश्न त्याच नकाराविषयी आहे.

आंबा बागायतदार, देवगड
धोका शून्य हे आपण ठरवलेत. एका फसव्या दुव्यावर बोट पडून पेन्शनचे खाते रिकामे झाले, तर आज शिकवणारा नातूच उद्या ‘तुम्हाला कोणी सांगितले होते’ म्हणेल. त्याला आधी सांगा की आजोबा चुकले तरी हसायचे नाही आणि ओरडायचे नाही, मग बघू किती म्हातारे शिकायला बसतात ते.