अर्थसंकल्पी तुटीवर तडजोड : कल्पकतेला खरंच जागा आहे का?

हिशेबनीस

देशाच्या तुटीवरची राजकीय चर्चा कुठेही पाहा, घोडं एकाच जागी अडतं. एक बाजू म्हणते खर्चाला कात्री लावा, दुसरी म्हणते कर वाढवा. मग कोणीतरी समजूतदारपणे सुचवतो, निम्मं-निम्मं करा. मला हे उत्तर आळशीपणाचं वाटतं. दोन्ही पक्षांना आपापल्या मतदारांपुढे हरल्यासारखं उभं राहावं लागतं, आणि पुढच्या वर्षी तेच भांडण नव्याने सुरू होतं.

डोकं चालवायचं ते मतदान कशावर घ्यायचं, कोणत्या क्रमाने घ्यायचं आणि परिणाम कधीपासून लागू करायचा, यावर.

स्वीडनचं बघा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बँका कोसळल्या आणि १९९३ मध्ये तूट जीडीपीच्या १० टक्क्यांपुढे गेली. तोवर तिथली संसद एकेका बाबीवर सुटं मतदान करायची. शेतीला एक बहुमत, घरबांधणीला दुसरं, आणि शेवटच्या बेरजेची जबाबदारी कोणाचीच नाही. १९९७ च्या अर्थसंकल्पापासून हा क्रम उलटा केला. आधी एकूण खर्चाची मर्यादा ठरवायची, मग ती २७ खर्चक्षेत्रांत वाटायची. क्षेत्राची रक्कम ठरली की त्यातल्या एखाद्या बाबीला वाढवून द्यायचं असेल तर त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या बाबीतून कापून दाखवायचं. कोणालाही आपली विचारसरणी सोडावी लागली नाही, पण ‘सगळ्यांना थोडं थोडं’ वाढवत नेण्याची वाट बंद झाली.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. नको असलेले लष्करी तळ बंद करायचे हे तत्त्वतः सगळ्यांना मान्य, फक्त आपल्या मतदारसंघातला नको. १९८८ मध्ये तोडगा निघाला की यादी स्वतंत्र आयोगाने करायची आणि काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ती अख्खी स्वीकारायची किंवा अख्खी फेटाळायची. एखादं नाव गाळता येणार नाही. २००५ पर्यंत अशा पाच फेऱ्या झाल्या, एकही यादी फेटाळली गेली नाही. याला मी कल्पकता म्हणतो.

रोखठोक

तळांचं उदाहरण मान्य, पण ते फार सोपं आहे, कारण ‘तळ कमी हवेत’ यावर आधीच एकमत होतं. तुटीच्या प्रश्नात मुळात तेच नसतं. सरकार किती मोठं असावं यावरच दोन प्रामाणिक मतं असतात आणि त्यावर मतदारांसमोर उघड भांडूनच निकाल लागायला हवा. कल्पकतेच्या नावाखाली हे भांडण टाळलं की ती हिशेबातली चलाखी होते.

जर्मनीने २००९ मध्ये कर्जावर घटनात्मक मर्यादा घातली. पुढे तीन पक्षांच्या आघाडी सरकारने महामारीसाठी मंजूर झालेली पण न वापरलेली ६० अब्ज युरोंचं कर्ज काढण्याची मुभा हवामान निधीकडे वळवली. तिन्ही पक्षांना हवं ते मिळाल्यासारखं दिसलं! नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ते रद्द केलं आणि वर्षभरात अर्थसंकल्पावरूनच ते सरकार फुटलं. तडजोड कधी झालीच नव्हती, फक्त पुढे ढकलली होती.

आणि २०११ चं अमेरिकेतलं प्रकरण? १२ सदस्यांची समिती, दोन्ही पक्षांचे सहा-सहा. दहा वर्षांत १.२ लाख कोटी डॉलरची तूट कमी करण्यावर एकमत झालं नाही तर संरक्षण आणि इतर खर्च, दोन्हींवर आपोआप कुऱ्हाड. कल्पना अशी की शिक्षा इतकी वाईट ठेवायची की कोणी तिथवर जाणारच नाही. समिती फसली, मार्च २०१३ मध्ये कुऱ्हाड पडली आणि सरकारी संशोधनापासून प्रशिक्षणापर्यंत सगळं सरसकट कापलं गेलं. ती भीती दाखवणाऱ्यांनी त्याची किंमत मोजली का?

सावली

मला दोघांपेक्षा वेगळ्याच ठिकाणी खटकतंय. हिशेबनीस, तुम्ही ‘परिणाम कधीपासून लागू करायचा’ हे ओझरतं लिहून पुढे गेलात, पण सगळ्यात मोठा खेळ तिथेच होतो.

१९८३ मध्ये अमेरिकेत सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनाचा निधी आटत आला होता. राष्ट्राध्यक्ष रेगन आणि विरोधी बाजूचे, प्रतिनिधीगृहाचे (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे) सभापती ओ’नील यांच्यात समझोता झाला. पूर्ण निवृत्तिवेतनाचं वय ६५ वरून ६७ करायचं ठरलं, पण इतक्या संथपणे की पूर्ण दोन वर्षांची वाढ १९६० आणि त्यानंतर जन्मलेल्यांनाच लागू होते. म्हणजे १९८३ मध्ये त्यातले सर्वात मोठेसुद्धा २३ वर्षांचे, आणि बाकीचे त्याहून लहान किंवा जन्मालाच यायचे. त्याच कायद्यात निवृत्तिवेतनावर पहिल्यांदा कर आला. एकट्यासाठी २५,००० आणि जोडप्यासाठी ३२,००० डॉलर उत्पन्नाची मर्यादा ठरली, पण ती महागाईशी जोडली नाही. सुरुवातीला थोडेच त्यात आले. पुढे भाव वाढले, मर्यादा तिथेच राहिली, आणि दरवर्षी नवे लोक त्यात येत गेले. कोणत्याही नव्या मतदानाशिवाय.

तडजोड टिकली हे खरं. पण ज्यांच्या खिशातून ती भागवली त्यांना कोणी विचारलं होतं?

हिशेबनीस

सावली, हा मुद्दा मला लागला. वय हळूहळू वाढवण्यात मला अजूनही गैर वाटत नाही, कारण माणसाला आयुष्याची आखणी करायला वेळ मिळतो. कराच्या मर्यादेचं मात्र समर्थन करणार नाही. पहिला बदल कायद्यात वाचून कळतो, दुसरा वाचूनही कळत नाही. माझ्या लेखी कल्पकता आणि चलाखी यांतली रेष इथे आहे.

रोखठोक, २०११ बद्दल तुमचं बरोबर आहे, तिथे नियम शिक्षेचा होता. पण अमेरिकेतलाच १९९० चा अर्थसंकल्पी करार विसरू नका. नवी करकपात किंवा कायमस्वरूपी योजनेत वाढ हवी असेल तर भरपाई त्याच वेळी दाखवा, एवढाच नियम. डावे-उजवे दोघांनाही तो सारखाच लागू. २००२ पर्यंत तो कायद्यात होता आणि १९९८ ते २००१ ही चार वर्षं अमेरिकेचा अर्थसंकल्प शिलकीत होता. तेजीचा आणि १९९३ च्या करवाढीचा वाटा मोठा आहेच, सगळं श्रेय नियमाला देत नाही.

रोखठोक

१९९० चं नाव काढलंत तर पूर्ण सांगा. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी १९८८ च्या प्रचारात नवे कर लावणार नाही असं वचन दिलं होतं. करारासाठी ते मोडलं, स्वतःच्या पक्षातले लोक उलटले, पहिला मसुदा प्रतिनिधीगृहात पडला, आणि १९९२ मध्ये निवडणूक गेली. नियम हुशार होता हे मी नाकारत नाही. पण तो आला तो एका माणसाने उघडपणे शब्द फिरवला म्हणून, आणि त्याचा दोष त्याने अंगावर घेतला म्हणून. तुमच्या स्वीडनमध्येही आधी बँका कोसळाव्या लागल्या. संकट नसताना, कोणाचीही खुर्ची धोक्यात न घालता असा नियम कुठे स्वीकारला गेला?

सावली

स्वित्झर्लंड. कर्ज वाढत होतं, पण स्वीडनसारखी कोसळण्याची वेळ नव्हती. २००१ मध्ये त्यांनी कर्जाला लगाम घालणारा नियम थेट सार्वमताला टाकला, सुमारे ८५ टक्के लोकांनी होकार दिला आणि २००३ पासून तो लागू झाला. मंदीत तूट चालते, तेजीत शिल्लक ठेवावी लागते. नियम चांगला की वाईट यावर आपण वेगळं भांडू. पण तिथे ज्यांच्यावर तो लागू होणार होता त्यांनाच आधी विचारलं होतं, आणि मी वर तेच मागत होते.