झोपताना साखर १३०, उठल्यावर २१०. रात्रीचा डोस वाढवायचा का?

प्रश्न: टाइप २ मधुमेह. ३०/७० प्रीमिक्स (दोन प्रकारांचं मिश्र) इन्सुलिन, रात्री ८ वाजता जेवणाआधी. झोपताना १३०, सकाळी ६ ला उपाशीपोटी २१०. मधूनच रात्री घाम फुटून जाग येते. डोस दोन युनिट वाढवू का?

प्रतिसाद १: थांबा. आधी तीन-चार रात्री गजर लावून पहाटे ३ ला बोट टोचून साखर बघा. ३ ला ७० च्या खाली असेल, तर डोस वाढवणं म्हणजे आगीत तेल. ३ ला १३० च्या आसपास आणि तिथून पुढे चढली, तर तो डॉन फिनॉमेनन: पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन वाढतात, यकृत ग्लुकोज सोडतं आणि ते आवरायला इन्सुलिन पुरत नाही. झोपल्यापासूनच चढत असेल, तर जेवण जड झालंय किंवा डोस अपुरा आहे.

प्रतिसाद २: घाम फुटतो, ही खूण महत्त्वाची, साखर लो (खूप कमी) झाल्याची असू शकते. प्रीमिक्समधला ७० टक्के भाग एनपीएच, म्हणजे हळू आणि जास्त वेळ काम करणारं इन्सुलिन. त्याचा जोर साधारण ४ ते ८ तासांनी, म्हणजे तुमच्या बाबतीत मध्यरात्री १२ ते पहाटे ४. सकाळपर्यंत तो ओसरतो. त्यामुळे रात्री लो आणि सकाळी हाय, दोन्ही एकाच इंजेक्शनने होऊ शकतं. ‘लो झाली म्हणून शरीराने उसळी मारली’ हा सोमोजी सिद्धांत अजून सांगितला जातो, पण सीजीएमच्या (सतत साखर मोजणाऱ्या सेन्सरच्या) नोंदींत रात्री लो गेलेल्यांची सकाळची साखर बहुधा कमीच सापडली.
डॉक्टरांना विचारा: जेवणाआधी फक्त शॉर्ट ॲक्टिंग (लवकर काम करून ओसरणारं) आणि झोपताना वेगळं एनपीएच किंवा ग्लार्जिन (दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन) चालेल का? प्रीमिक्सच मनाने झोपताना घेऊ नका. त्यातला ३० टक्के शॉर्ट ॲक्टिंग भाग जेवणाविना काम करेल.

प्रतिसाद ३: घाम फुटल्यावर काय खाता? घाबरून पोटभर खाल्लं, तर २१० तिथूनही येतं. १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा १५. चॉकलेट नको, फॅटमुळे साखर उशिरा चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.
दंडावर साखर मोजणारा सेन्सर असेल तर त्या कुशीवर झोपल्याने खोटा लो दिसतो. अलार्म वाजला की बोट टोचून खात्री करा. संध्याकाळी जास्त व्यायाम किंवा मद्य झालं असेल, तर ती रात्र वहीत वेगळी लिहा.

प्रश्नकर्ता: म्हणजे ३ ला ७० च्या खाली आली, तर पुढच्या भेटीपर्यंत तोच डोस चालू ठेवायचा?

प्रतिसाद २: नाही. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून आकडे सांगा आणि रात्रीचा डोस किती कमी करायचा ते विचारा. ५४ च्या खाली एकदा जरी दिसली, तरी पुढच्या इंजेक्शनच्या आधी बोला.