प्रतिसाद: चोकवरून विहिरीचं उत्पादन काढताना

टेस्ट सेपरेटर (विहिरीतलं तेल, वायू, पाणी वेगळं करून मोजणारं यंत्र) नसेल तर गिल्बर्टच्या सूत्रावर, म्हणजे चोकच्या (विहिरीच्या तोंडाशी प्रवाह आवळणाऱ्या अरुंद छिद्राच्या) आकारावरून आणि दाबावरून उत्पादन काढणाऱ्या सूत्रावर, विसंबावं का, असा तुमचा प्रश्न. सूत्र चांगलं आहे, पण आधी एक गोष्ट तपासा: चोकच्या आधीचा दाब नंतरच्या दाबाच्या निदान 1.7 पट हवा. तेवढा फरक नसेल तर प्रवाह क्रिटिकल (पुढच्या दाबाचा परिणाम न होणारा) नाही आणि मग फ्लोलाइनचा (चोकच्या पुढच्या नळीचा) दाबही हिशेबात येतो. तिथे सचदेवांचं 1986 चं मॉडेल वापरा.

आता आकडेच बघू. वेलहेड (विहिरीच्या तोंडाचा) दाब 600 पीएसआय, चोक 32/64 इंच, दर बॅरल द्रवामागे 500 घनफूट वायू. गिल्बर्टने (1954) येतात सुमारे 1410 बॅरल रोज, रॉसच्या तशाच सूत्राने 1580, अचाँगच्या सूत्राने जवळपास 1870! विहीर तीच, आकडे मात्र तीन. कारण ही सूत्रं मोजमापांवर बसवलेली आहेत. गिल्बर्टचा डेटा कॅलिफोर्नियाच्या टेन सेक्शन क्षेत्राचा, अचाँगचा व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराचा. म्हणून जेव्हा केव्हा खरी टेस्ट मिळेल, तेव्हा तिच्यावरून आपल्या क्षेत्रापुरता स्थिरांक बदलून घ्या.

आणि बीन (चोकमधला छिद्र असलेला बदलता तुकडा) काढून मोजा, हे मी कळकळीने सांगतो. वाळू येणाऱ्या विहिरीत 32 चा (म्हणजे 32/64 इंचाचा) बीन झिजून 34 झाला, तर त्याच दाबाला प्रवाह सुमारे 12 टक्के जास्त असतो, आणि कागदावर तो दिसतच नाही. शिवाय सूत्रात वायू-द्रव गुणोत्तर (द्रव म्हणजे तेल अधिक पाणी) घालायचं, वायू-तेल नव्हे. पाणी वाढलेल्या विहिरीत ही गल्लत फार महागात पडते.