हॉटेलसारखी ग्रेव्ही घरी शिकावी का? माझं मत: शिकावीच

परभणीकर
मंडळी, आमच्या घरात सध्या यावरून रोज वाद चाललाय म्हणून इथं टाकायलोय. वहिनीचं म्हणणं, घरात काळा मसाला आहे, येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ) आहे, मग पनीर बटर मसाला नि काजू करीचा हट्ट कशाला, खावं वाटलं तर जावं हॉटेलात. माझं म्हणणं उलट आहे. ही ग्रेव्ही घरी नीट शिकली तर पैसे वाचतात ते सोडा, स्वयंपाकातली एक मोठी गोष्ट हाताला लागते, ती म्हणजे कांदा कुठपर्यंत परतायचा हे कळणं.

बहुतेकांचं काय होतं, व्हिडिओ बघून एकेक भाजी पहिल्यापासून करायला घेतात आणि मग म्हणतात हॉटेलसारखी लागली नाही. हॉटेलात अशी कुणीच करत नाही. सकाळीच ग्रेव्ह्या तयार होतात. टोमॅटो-काजूची लाल म्हणजे मखनी, कांदा-टोमॅटोची पिवळी आणि उकडलेला कांदा, काजू, मगजबी (टरबूज-खरबुजाच्या सोललेल्या बिया) वाटून पांढरी. ऑर्डर आली की कढईत तेल-बटर, त्यात लाल-पिवळी किती पळ्या ते ठरलेलं, वरून मसाला, पनीर, साय, कसुरी मेथी, की दहा मिनिटांत प्लेट बाहेर. तुम्ही घरी सगळं एकदम अर्ध्या तासात करायला जाता म्हणून कांदा कच्चा राहतो. कांद्यात बहुतेक पाणीच असतं, ते उडून जाईपर्यंत त्याला रंगच चढत नाही. किलोभर कांदा नीट बदामी व्हायला पाऊण तास सहज जातो आणि तो पाऊण तास दिला नाही तर वर कुठलाही मसाला टाका, उपयोग नाही.

भाकरतुकडा
दादा, मुद्दा मांडलाय चांगला पण मला अजिबात पटला नाही. एका ग्रेव्हीत दहा भाज्या म्हणजे दहाही भाज्यांना एकच चव. पनीर घाला, मटर घाला, मशरूम घाला, डोळे मिटून खाल्लं तर कळणार नाही काय खायलोत. आपल्याकडं वांग्याचं कोरड्यास (भाकरीबरोबरची भाजी) वेगळं, शेपूचं वेगळं, अंबाडीचं तर एकदमच वेगळं, त्यात कण्या पडतात, वरून लसणाची फोडणी. भाजीला भाजीची चव राहते.

आणि शिकायचंच तर आधी काळा मसाला शिका ना. किती घरांत आज धने, खोबरं, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र वेगवेगळं तळून-भाजून कुटतात? दगडफूल तेलात पडलं की क्षणात काळं पडतं, मग मसाला कडू होतो, हे आईच्या शेजारी बसूनच कळतं. ते सोडून आपण काजू-मगजबीच्या मागं लागलोत याचं मला खरंच वाईट वाटतं. ही विद्या एका पिढीत जाईल, हॉटेल कुठं जाणारे.

उदगीरची लेक
भाकरतुकडा, काळ्या मसाल्याबद्दल शंभर टक्के सहमत, पण काजू म्हणजे परकं आणि आपलं म्हणजे वेगळं असं नाही हो. आमच्या उदगीरकडं लग्नात मिरची का सालन असतंच, त्याची ग्रेव्ही कशाची असते? शेंगदाणे, तीळ, खोबरं, तिन्ही भाजून वाटायचं आणि वर चिंचेचा कोळ. म्हणजे दाट ग्रेव्ही आपल्या घरात आधीपासूनच आहे. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, त्यामुळं ते जेवण आपलंच धरायचं, पाहुणं नाही.

म्हणून परभणीकर, तुम्हाला एवढंच सांगते की काजू महाग पडत असेल तर अर्धे काजू नि अर्धी मगजबी घ्या. नुसते शेंगदाणे मखनीत घालू नका, त्याची स्वतःची चव इतकी जोरात येते की बाकी काही लागतच नाही. सालनमध्ये चालतं कारण तिथं चिंच आहे.

केटरिंगवाला
मी जालन्यात आचाऱ्यांबरोबर काम करतो, म्हणून दोघांनाही थोडं सांगतो. एकच चव येते हे खरं, पण ती वाईट हॉटेलात. चांगला आचारी ग्रेव्ही आळणी ठेवतो, मीठ आणि गरम मसाला त्यात जवळपास नाहीच, सगळी चव प्लेट बनवताना. कढाई पनीर असलं तर धने आणि सुकी मिरची भाजून भरड कुटून तिथंच टाकायची, मखनीला वेलची नि जराशी साखर, काजू करीला आमच्याकडं खवा पडतो. तुम्ही घरी ग्रेव्हीतच सगळा मसाला ओतून ठेवता, मग चार दिवस चारही भाज्या सारख्याच लागणार.

दुसरं रंगाचं. लोक खायचा रंग टाकतात, काही गरज नाही. काश्मिरी मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात उतरत नाही, म्हणून मिरची पूड कोमट तेलात टाकायची, गॅस एकदम बारीक, आणि लगेच दोन चमचे ग्रेव्ही घालायची म्हणजे जळत नाही. उकळत्या रश्शात वरून पूड टाकली तर नुसतं तिखट होतं, तर्री लाल येत नाही.

दोन लेकरांची आई, नांदेड
सगळं वाचलं. एक विचारू का, हा पाऊण तास कांदा परतत उभं कोण राहणार? आमच्याकडं सकाळी डबे, दुपारी पापड-कुरडया, संध्याकाळी भाकरी थापायच्याच. त्यात रविवारी घरातला माणूस म्हणतो हॉटेलसारखं कर. आणि ग्रेव्ही करून फ्रीजरला टाका म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात नांदेडला येऊन बघावं, लाईट गेली की चार-पाच तास येत नाही, अर्धवट वितळलेलं वाटण मी लेकरांना देणार नाही. बाईच्या कामात अजून एक काम म्हणून हे शिकवायचं असलं तर माझा स्पष्ट विरोध आहे.

परभणीकर
ताई, तुमचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि पटला. आमच्याकडं ग्रेव्ही मीच करतो, वहिनी नाही, आणि माझा आग्रह हाच आहे की ज्याला हॉटेलची चव पाहिजे त्यानंच कांदा परतावा. कढई चिकटत असेल तर कांद्यात सुरुवातीलाच चिमूटभर मीठ टाका, पाणी लवकर सुटतं, आणि झाकण ठेवून दहा मिनिटं वाफवला तर उभं राहायचा वेळही कमी होतो. टोमॅटो मात्र कांदा पूर्ण मऊ झाल्याशिवाय टाकू नका. आंबट पडलं की कांदा शिजायचा थांबतो, करकरीत राहतो, मग मिक्सरमधून काढलं तरी ग्रेव्ही रवाळ लागते.

लाईटचं खरं आहे. म्हणून मी महिन्याची करून ठेवत नाही, दोन दिवसांपुरतीच करतो. जास्त झाली तर शेजारी देतो.

भाकरतुकडा
मीच करतो म्हणालात, हे आवडलं. तरी माझं मत तिथंच आहे. छत्रपती संभाजीनगरचा नान खलिया बघा, त्याचं मूळ १३२७ साली तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली त्या वेळच्या लष्कराच्या जेवणात सांगतात, आजही मोठ्या देगीत शिजतो आणि लोक लांबून खायला येतात. तो कुणी दहा मिनिटांत प्लेटला बनवत नाही, मटण मसाल्यात मुरत तासनतास शिजतं. हळू शिजवलेल्या रश्शाला जी चव येते ती दोन पळ्या लाल आणि एक पळी पिवळीला येणार नाही.

परभणीकर
खलियाला माझा सलाम, त्याच्याशी स्पर्धाच नाही. पण घाईचं जेवण म्हणून ते हलकं, हे मान्य नाही. बटर चिकन दिल्लीच्या दर्यागंजातल्या मोती महलचं म्हणतात, फाळणीनंतर पेशावरकडून आलेल्या लोकांनी काढलेलं हॉटेल. उरलेली तंदुरी कोंबडी कोरडी पडू नये म्हणून टोमॅटो-लोण्याच्या रश्शात टाकली अशी हकीकत सांगतात, आणि ते कुणी शोधलं यावरून २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टात केस गेली. घरदार सोडून आलेल्या माणसांनी उरलेल्यातून हे उभं केलं, त्यात कसब आहे की नाही तुम्हीच सांगा.

भाकरतुकडा
कसब आहे, नाही कुठं म्हणालो. माझा हट्ट क्रमाचा आहे, आधी काळा मसाला मग मखनी.

उदगीरची लेक
क्रमाचा हट्ट कशाला, माझ्या भावानं मखनीपासून सुरुवात केली आणि आता येसराची आमटीही करतो, कारण भाजायचं कुठं थांबवायचं ते हाताला कळलं.

दोन लेकरांची आई, नांदेड
केटरिंगवाले दादा, दह्याची ग्रेव्ही दर वेळी फाटते ती का ते सांगा, आता रविवारी घरच्या माणसालाच उभं करणार आहे.

केटरिंगवाला
दही थेट फ्रीजमधून काढून टाकत असाल. आधी बाहेर काढून ठेवा, चांगलं घोटा, त्यात चमचाभर बेसन मिसळा, गॅस बारीक करून थोडं थोडं घाला आणि उकळी येईपर्यंत पळी थांबवू नका. मीठ शेवटी. दही आंबट नको, कालचं विरजलेलं घ्या.