शिकाऊ पायलटला एएनआर हेडसेट म्हणजे चोचले?

गोंदूर_धावपट्टी
काल इथे एका ज्येष्ठांनी लिहिलं की सीपीएलच्या, म्हणजे व्यावसायिक पायलट परवान्याच्या पोरांना एएनआर (गोंगाट दाबणारा) हेडसेट म्हणजे चोचले. डेव्हिड क्लार्क कंपनीचा हिरवा साधा हेडसेट घ्यावा, कान तयार होतात. कान तयार होत नाहीत, कान जातात! सेसना १७२ मध्ये ९० डेसिबलच्या आसपास आवाज असतो, त्यातला मोठा हिस्सा इंजिन-प्रोपेलरची खालच्या सुरातली घरघर. साध्या हेडसेटच्या जाड गाद्या वरच्या पट्टीचे आवाज अडवतात, घरघर आत येतेच. एएनआर नेमका तिलाच धरतो: कपातला माइक आवाज टिपतो, स्पीकर उलटी लहर सोडतो. सीपीएलला २०० तास याच आवाजात काढायचे, आणि क्लास वन मेडिकलला, म्हणजे पायलटच्या वैद्यकीय तपासणीला, ऑडिओमेट्री (कानांची चाचणी) असते. तेव्हा काय सांगणार डॉक्टरला?

तापीकाठचा_आप्पा
ते ज्येष्ठ म्हणजे मीच, सरळ नाव घे की. आम्ही साध्यावरच शिकलो, आजही ऑडिओमेट्री पास होतो. इंजिन अडखळलं की आधी कानाला कळतं. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायला लागला तर तुझ्या शांत कपात काय कळणार? आणि एएनआरचे सेल संपले की? माझ्या शेजारच्या सीटवर पोरगं ऐन डाउनविंडवर (उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उडताना) खिशात एए सेल चाचपत बसलं, बेसचं, म्हणजे धावपट्टीकडे यायचं वळण गेलं पुढे.

गोंदूर_धावपट्टी
कार्ब आयसिंग आधी टॅकोमीटरवर दिसतं, आरपीएम (इंजिनाचे फेरे) घसरतो. एएनआरने इंजिन मुकं होत नाही, घरघर कमी होते. इंजिन रफ झालं तर सीटलाही हादरे बसतात. सेल संपले तरी रेडिओ ऐकू येतोच, हेडसेट नुसता साधा होतो. हे त्या पोराला जमिनीवरच सांगायला हवं होतं, आणि ते काम शेजारी बसलेल्याचं.

तापीकाठचा_आप्पा
मला शिकवू नकोस. तू चड्डीत होतास तेव्हापासून उडतोय मी.

रावेर_केळी
तुमचं भांडण चालू द्या, पण पैशाचं कोणी बोलत नाही. बोसचा ए३० हा एएनआर हेडसेट लाखाच्या वर, कस्टम वेगळं. पुतण्यासाठी भावाने मळा गहाण टाकला. एका फ्लाइंग स्कूलने फी एकरकमी घेतली आणि विमान महिनोन्‌महिने हँगरमध्ये. पोरगं हॉस्टेलवर बसून खानावळीचं बिल भरतंय. घरी फोन आला की भाऊ आधी व्याजाची तारीख विचारतो, मग तब्येत.

चाळीसगावकर
भाऊ, आमनं बी तेच शे. विमान आलं तर इन्स्ट्रक्टर सोडून गेला, इन्स्ट्रक्टर आला तर विमान मेन्टेनन्सला. मधल्या काळात लेखी पेपरांची मुदत सरत जाते. जेवढे तास उडवले तेवढ्याचीच फी, हे कागदावर घेतल्याशिवाय कोणी पैसे देऊ नका.

तापीकाठचा_आप्पा
हे मात्र लाख बोललात. एकरकमी फी घेणाऱ्यांनी इकडच्या शेतकऱ्यांची वाट लावली. म्हणून तर म्हणतो, वर हेडसेटचा लाख कशाला? साधा त्याच्या तिसऱ्या हिश्शात येतो.

चाळीसगावकर
स्कूलचा सामायिक हेडसेट तर नकोच. मे महिन्यात ४४ अंशात दुसऱ्याच्या घामाने चिकट झालेल्या, तडकलेल्या गाद्या कानाला लावायच्या, आणि टॉवर काय बोलला ते ऐकूच येत नाही.

गोंदूर_धावपट्टी
आप्पा, पैशाचं मान्य. पण कान परत मिळत नाही. त्याचं काय?

तापीकाठचा_आप्पा
बरं बाबा, खालच्या सुराचं तुझं खरं. पण पहिला सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, होईपर्यंत साधाच. हे मी सोडणार नाही.

रावेर_केळी
मग पुतण्याला काय सांगू? त्याला चष्मा आहे.

गोंदूर_धावपट्टी
वापरलेला बोस ए२० बघा, गाद्या नव्या टाका. प्लग दोन हवेत. एकाच प्लगचा असेल तर तो हेलिकॉप्टरचा किंवा वेगळ्या जोडणीचा असतो, घेऊ नका. आणि घेण्याआधी चष्म्यासकट तासभर डोक्यावर ठेवून बघू द्या.

तापीकाठचा_आप्पा
चष्म्याच्या काड्या बारीक घ्यायला सांगा. जाड काडीने गादी उचलली जाते, आवाज तिथूनच शिरतो, मग हेडसेट लाखाचा असो की माझा.