हॉस्पिटलच्या मॅनेजरला मार्केटिंग शिकवलं की पेशंट लुटलाच जातो काय?

उद्यमबागकर
कालच्या पोस्टमध्ये एकानं लिहिलंय, हॉस्पिटल मॅनेजरांना मार्केटिंग अन् इनोव्हेशन शिकवणं म्हणजे पेशंट ओढायचं शिक्षण, त्यापेक्षा डॉक्टर अन् नर्स भरा. वाचून डोकं फिरलं म्हणून लिहायलोय. खानापूरकडची माझी मावशी, बीपीएल कार्ड असलेली, हृदयाच्या व्हॉल्व्हच्या ऑपरेशनला बेळगावात एका हॉस्पिटलात नेली. योजनेत बसतंय काय हे काउंटरवर कुणालाच सांगता येईना, ह्या खिडकीवरनं त्या खिडकीवर, शेवटी सोसायटीचं कर्ज काढून पैसे भरले अन् डिस्चार्जला कळलं की सरकारी दवाखान्याचं रेफरल लेटर आधी आणलं असतं तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक ह्या सरकारी योजनेत झालं असतं. ऑपरेशन झकास झालं, डॉक्टरचा दोष शून्य. हे काम मॅनेजरचं, अन् ते त्याला कुणी शिकवलेलंच नाही. आमच्या फौंड्रीत एक कास्टिंग रिजेक्ट झालं तर वाळू, कोर, पोअरिंग सगळं मागं जाऊन तपासतात. माणूस बिना योजनेचा परत गेला तर कोण तपासतंय? म्हणून म्हणतो मॅनेजरांना ट्रेनिंग द्या, अन् त्यात फौंड्रीवाले, पतसंस्थेवाले, व्हीटीयूची म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग विद्यापीठाची पोरं यांच्याबरोबर बसवा. 2003 ची यशस्विनी आठवा, शेतकऱ्यांची आरोग्य विमा योजना, महिन्याला 5 रुपये, मागं हृदयाचे सर्जन डॉ. देवी शेट्टी अन् सहकार खातं. शेतकरी गोळा केला सोसायट्यांनी, एकट्या हॉस्पिटलला तो जमला असता काय?

निपाणीचा डॉक्टर
भाऊ, मावशीचं वाईट वाटलं. पण मार्केटिंग म्हणजे काय ते माझ्या दवाखान्यात येऊन बघा. मोठ्या हॉस्पिटलचा पीआरओ, म्हणजे जनसंपर्काचा माणूस, मिठाईचा बॉक्स घेऊन येतो, "सर पेशंट पाठवा, तुमचं बघून घेतो." 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत कट (पेशंट पाठवल्याचं कमिशन) देणं-घेणं अन् पेशंट ओढणं दोन्ही बंद आहे, पण ते नियम रजिस्टर्ड डॉक्टरला. पाकीट देणार मॅनेजर, लायसन जाणार माझं. अन् असल्यांना अजून ट्रेनिंग द्यायचं? मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉनलेसनी 1894 ला दवाखाना घातला तेव्हा कुठला पीआरओ होता, अन् कर्नाटकातनं माणसं जायचीच की.

उद्यमबागकर
डॉक्टरसाहेब, तुम्ही कटला मार्केटिंग म्हणायलाय, मी त्याला लाच म्हणतो. मदुराईचं अरविंद डोळ्यांचं हॉस्पिटल बघा, 1976 ला 11 खाटांवर सुरू झालं, गावोगावची शिबिरं तिथल्या क्लबांनी अन् व्यापाऱ्यांनी भरवली, 1992 ला ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढून डोळ्यात बसवायची लेन्स स्वतः बनवली म्हणून ती गरिबाला परवडली. पेशंट शोधायला गेले म्हणून कुणी त्यांना लुटारू म्हणालं काय?

चिकोडीची सिस्टर
दोघंही मोठं बोलायलाय. ट्रेनिंगला जातो कोण? बाहेरनं आलेला एमबीए, हॉटेलात जेवण करून येतो. आल्यावर इनोव्हेशन म्हणून आमच्या वॉर्डात अ‍ॅप बसवलं, आता बीपी कागदावर पण लिहायचा अन् मोबाईलवर पण. रात्री आख्ख्या वॉर्डाला मी एकटी. पोस्टवाला खरं बोलला, आधी माणसं भरा.

सीमाभाग865
खरा विषय कुणी बोलतच नाही. 2023 ला महाराष्ट्रानं महात्मा फुले आरोग्य योजना इथल्या सीमाभागातल्या 865 गावांना लावली, कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मईंनी लगेच विरोध केला. आमच्या गावात निम्म्या लोकांना ती आहे हेच माहीत नाही. वर संमतीपत्र कन्नडमध्ये, माझ्या आईनं काय लिहिलंय न वाचता सही केली. आधी मराठीत फॉर्म द्या, मग मार्केटिंग.

गोकाकवाला
झालं, आणलं राजकारण. इथं राहायचं अन् कार्ड तिकडचं मागायचं. कोल्हापूरच्या दवाखान्यात कन्नड फॉर्म मिळतो काय?

सीमाभाग865
मिळायलाच पाहिजे! पोट धरून आलेल्या बाईला राज्य कसलं विचारतोस? तुझी आई असती तर?

गोकाकवाला
आईवर जाऊ नकोस. माझ्या वडलांना मिरजेला नेलं तेव्हा त्यांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, काउंटरवरचा पोरगा खेकसला, शेजारच्या खाटेवरच्या मराठी बाईनं सगळं समजावून सांगितलं. त्रास मला पण माहीत आहे, पण दरवेळी सीमाप्रश्न कशाला?

सीमाभाग865
मग तू तेच बोलायलास जे मी बोलायलोय.

गोकाकवाला
फॉर्मपुरतं. कार्डाचं मला अजून पटलेलं नाही.

उद्यमबागकर
दोघं थांबा जरा. कुठलं कार्ड कुठल्या हॉस्पिटलात चालतंय, कागद कुठले लागतात, हे कन्नडमध्ये अन् मराठीत दारातच सांगणारा माणूस उभा करायचा, हेच मी मागतोय. अन् सिस्टर, ते अ‍ॅप कुणी तुम्हाला न विचारता बनवलं म्हणून तर ही दशा झाली. बनवणारी पोरं एक रात्र तुमच्या वॉर्डात थांबली असती तर डबल लिहायला लागलंच नसतं.

चिकोडीची सिस्टर
थांबली असती तर. कोण थांबवणार त्यांना? आमच्या मॅनेजरला वॉर्ड कुठं आहे ते माहीत नाही. नर्सला ट्रेनिंगला बसवणार असाल तर बोला.

निपाणीचा डॉक्टर
दारात माणूस उभा करायला माझी हरकत नाही, करा. अजूनही मला वाटतंय ह्यातनं चार चांगले अन् चाळीस हुशार पीआरओ निघणार. घ्यायचंच असेल तर पहिल्याच दिवशी कटचा विषय घ्या, नियम वाचून दाखवा, अन् दरपत्रक दारात लावलंय काय ते प्रत्येक मॅनेजरला विचारा. ते करणार असाल तर मी येऊन बोलतो, फी नको.

उद्यमबागकर
कबूल. सिस्टर पण पाहिजेत.

चिकोडीची सिस्टर
ड्युटी म्हणून धरणार असतील तर येते. सुट्टी घालवून नाही.